हद्दीबाहेरची खाट

आमच्या मेट्रनबाई कुणाला 'या' म्हणायच्या नाहीत की 'बसा' म्हणायच्या नाहीत. प्रसूतिगृहाच्या दारात उभ्या राहून उजवा तळहात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "कार्ड." समोरची पोर कळांनी वाकलेली असो, तिची आई रडत असो, बाप हात जोडत असो, तो तळहात तसूभर हलायचा नाही. रेशनकार्ड हातावर पडलं की पत्ता वाचायच्या. हद्दीतला असला तर, "आत घ्या." नसला तर कार्ड परत द्यायच्या आणि तोंडावरची माशीही हलू न देता सांगायच्या, "घरी न्या. पाणी ठेवा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पहिल्याच भेटीत त्यांना दोन शब्द सुनवावेसे वाटतात. मी तर सुनावलेही होते. ते पुढे येईलच.

पिंपरीतल्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी केसपेपरच्या खिडकीत बसायचे. राहायला संत तुकाराम नगरात. त्या वेळी आमच्या भागात हद्दींचा नुसता घोळ होता. अलीकडे नगरपालिका, पवना ओलांडली की ग्रामपंचायत, देहूरोडच्या बाजूला गेलं की कॅन्टोन्मेंट. कंपनीचा भोंगा सगळ्यांना सारखाच ऐकू यायचा, पण नळ, दवाखाना, आगीचा बंब ज्याचा त्याचा. आमच्याकडे खाटा मोजक्या, म्हणून नियम असा की हद्दीबाहेरच्या बाईला खाट नाही.

नियम करणारे सगळे बापये. त्यांच्या एक गोष्ट ध्यानातच आली नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी पिंपरीत जन्मलेली, पिंपरीच्या शाळेत शिकलेली, पण लग्न झालं की तिचं नाव माहेरच्या कार्डावरून निघतं आणि सासरच्या कार्डावर चढतं. मग सातव्या-आठव्या महिन्यात आई तिला हौसेनं घरी आणते आणि आमच्या दारात तिला कळतं की आपली लेक आता परगावची झाली. काय म्हणावं या अकलेला!

मी नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. कासारवाडीला मोटारींची दुरुस्ती करणारे एक चाचा होते. त्यांची लेक खडकीला दिलेली, पहिलटकरीण, माहेरी आलेली. चाचा तिला रिक्षातून घेऊन आले. बाईंनी तळहात पुढे केला. कार्ड खडकीचं. "घरी न्या. पाणी ठेवा." चाचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, तरी बाई ढिम्म.

माझं डोकंच फिरलं. मी खिडकी सोडून बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुम्हाला काळीज दिलंय की नाही देवानं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आपण आपल्या खिडकीत बसावं," म्हणाल्या.

काम संपल्यावर मला राहवेना. मी बस पकडून कासारवाडीला गेले, पत्ता विचारत विचारत चाचांच्या घरी पोचले. पाहते तर काय, चाचा अंगणात घामाघूम होऊन लाकडं फोडतायत. आणि आत जमिनीवर, साडीचा काचा मारून, बाह्या वर सारून आमच्या मेट्रनबाई बसलेल्या! शेजारी त्यांची रेक्झिनची पिशवी. मी दारातच थिजले. त्या मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? बरं झालं. हात धू आन् हिचं डोकं धर."

मी मुकाट्यानं हात धुतले.

पोरगा झाला. पेढा-बिढा काही नाही, बाईंनी भरपूर साखरेचा एक कप चहा घेतला आणि पिशवी उचलली. वाटेत मी विचारलं, "स्टोव्ह होता की घरात. मग लाकडं कशाला फोडायला लावलीत त्यांना?"

"बापये मोकळं ऱ्हायले की दारात येऊन बडबडत्यात," त्या म्हणाल्या.

मग मला उलगडा झाला. 'घरी न्या, पाणी ठेवा' हा नकार नव्हताच. ड्युटी संपली की मी येते, असं त्याचं भाषांतर होतं, आणि ते आमच्या भागातल्या जुन्या बायकांना पाठ होतं. दारात बाई नियमाच्या आणि गावात बाई बायकांच्या. भाषासुद्धा दोन. युनिफॉर्म अंगावर असेपर्यंत 'आपण', 'कृपया', 'नियमानुसार'. युनिफॉर्म उतरला की भोसरीकडच्या त्यांच्या माहेरची बोली. कळा देणारी पोरगी किंचाळली की म्हणायच्या, "वरड, वरड! तुज्या सासूला ऐकू गेलं पायजे." पोरगी त्याही अवस्थेत हसायची.

"दारातच का नाही घेत मग?" मी एकदा विचारलं.

"आत एक खाट हाय आन् हद्दीतली बाई दारात हाय, तर मी कुणाला देऊ? नियम मोडला तर नियम पाळणारीचं नुकसान. माजा वेळ माजा हाय, तो मी कुणाला बी दीन."

घरच्या बाळंतपणातही एका गोष्टीत त्या कडक होत्या. पायाला सूज, डोकेदुखी, बीपी वाढलेलं, असं काही दिसलं की म्हणायच्या, "ही घरची न्हाई." मग स्वतः धावपळ करून पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचवायच्या. घरात काय होऊ शकतं आणि काय नाही, यात त्यांनी कधी फुशारकी मारली नाही.

बाई विधवा. एकच मुलगी. ती नदीपलीकडच्या एका गावात, मोठ्या घरी दिलेली. सासरा गावचा सरपंच. "बाई, तुमचे व्याही सरपंच, आता तुमची चैन आहे," असं आम्ही चिडवायचो. बाई हातातली कात्री पुसत बसायच्या. आम्हाला वाटायचं, लाजतायत.

मग एक दिवस आमचे डॉक्टर पेपर हातात घेऊन आले. तरुण होते, तात्पुरत्या नेमणुकीवर होते, उत्साही होते. म्हणाले, "बाई, तुमचा जन्माचा प्रश्न सुटला!" मुंबईत एक कायदा येऊ घातला होता. त्याचा मसुदा तयार झाला होता. शेजारशेजारच्या नगरपालिका, ग्रामपंचायती, कॅन्टोन्मेंट यांनी दवाखाना, ॲम्ब्युलन्स, बंब आणि पाणी एकमेकांच्या लोकांना द्यायचं. कुणाला हद्दीवरून परत पाठवायचं नाही.

मेट्रनबाई हसल्या. खरंच सांगते, दारात युनिफॉर्ममध्ये हसताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पिंपरी कॅम्पातून जिलबी मागवली. आयांना वाटली, डॉक्टरांना दिली, मला दोनदा दिली.

मसुद्यावर लोकांची मतं घ्यायला मुंबईहून अधिकारी येणार होते आणि एक आमदारही. शाळेच्या हॉलमध्ये सभा ठरली. प्रसूतिगृहातर्फे बाईंनी बोलायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "चार शब्द आभाराचे बोला, झालं." बाईंनी मसुदा मागून घेतला आणि घरी नेला.

त्याच सुमारास त्यांची लेक माहेरी आली होती. पोट दिसायला लागलेलं. आम्ही म्हणालो, वा, आजीबाई होणार! बाई नुसत्या "हं" म्हणाल्या. पोरीच्या पायांना सूज होती, चेहरा फुगलेला. भर उन्हाळ्यात पोरगी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालायची. एवढं दिसूनही माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला नाही.

सभेला हॉल भरला होता. आमदारांनी छान भाषण केलं. हद्द माणसानं आखली, माणुसकीला हद्द नाही, वगैरे. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग बाई उठल्या. युनिफॉर्ममध्ये होत्या, म्हणून शुद्ध बोलल्या.

"एक विचारायचं आहे. हद्दीबाहेरची बाई आली, तर खर्च कोणी द्यायचा?"

अधिकारी म्हणाले, "तिच्या गावची संस्था देईल. म्हणून तर तिनं तिथली एक चिठ्ठी आणायची. कार्ड जिथलं, चिठ्ठी तिथली. अगदी सोपं आहे."

"म्हणजे सासरच्या पंचायतीची?"

"अर्थात."

"आणि त्यांनी नाही दिली तर?"

अधिकारी हसले. "का नाही देणार बाई? घरचीच सून ना ती."

बाई मागे वळल्या. शेवटच्या रांगेत त्यांची लेक बसली होती. तिला हात धरून पुढे आणलं. भरल्या पोटाची पोरगी सगळ्या हॉलमधून मान खाली घालून चालत आली. बाईंनी तिच्या डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत तापल्या चिमट्याचे डाग. काही जुने, काळपट. काही अजून लाल. माझ्या तोंडून "अगं आई गं" बाहेर पडलं.

"ही माजी लेक," बाई म्हणाल्या. युनिफॉर्म अंगावर होता आणि तरी त्या त्यांच्या गावच्या बोलीत बोलत होत्या. "जीव वाचवून माह्यारी आलीया. हिचा सासरा त्या गावचा सरपंच हाय. तुमची चिठ्ठी त्यानं लिवायची. तो म्हनतो, आदी नांदायला या, मंग काय ती चिठ्ठी. माज्या कार्डावर नाव चढवावं म्हनलं तर तिकडनं नाव कमी केल्याचा दाखला लागतो. त्यो बी त्योच देनार. सायब, आजवर आमी हिला 'हद्दीबाहेरची' म्हनत हुतो. तुमचा कायदा हिला त्या घरात परत धाडतुया."

मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं काम केलं होतं. एकत्र डबे खाल्ले होते. वर त्या सरपंचावरून त्यांना चिडवलं होतं.

आमदारांनी घसा साफ केला. म्हणाले, "सूचना महत्त्वाची आहे. नोंद घेतली आहे." मग चहा आला, ग्लुकोजची बिस्किटं आली, आणि लोक ती खाऊ लागले! मला आजही ते आठवलं की संताप येतो.

नोंद घेतली गेली, पण ती दुसऱ्याच कुणी. सभेत आमच्या प्रसूतिगृहाची शोभा झाली, म्हणून वरून डॉक्टरांना तंबी आली. हद्दीबाहेरचा एक जरी पेशंट आत घेतला तर नोकरी गेली समजा. जिलबी खाणारा तो हसरा पोरगा बाईंची नजर चुकवू लागला.

बाईंनी लेकीचं नाव पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घालून ठेवलं होतं. 'ही घरची न्हाई' हे त्यांना सगळ्यांत आधी कळलं होतं. पण दिवस भरायच्या आतच, एका दुपारी शेजारणी तिला रिक्षातून आमच्या दारात घेऊन आल्या. कळा सुरू झालेल्या, डोकं धरून कण्हत होती. पुण्यापर्यंत टिकेल असं तिच्याकडे बघून कुणालाच वाटेना.

मेट्रनबाई दारात होत्या. आम्ही सगळे बघत होतो. डॉक्टर आतल्या दाराशी चौकट धरून उभे.

बाईंनी तळहात पुढे केला. "कार्ड."

स्वतःच्या लेकीला! पोरगी आईकडे बघतच राहिली. मग तिनं मान हलवली. नाही.

"न्हाई ना?" बाई म्हणाल्या. "मंग आत येता येनार न्हाई." आणि वळून आयांना ओरडल्या, "खाट भाईर काडा!"

कुणाला कळेचना.

"हद्दीभाईरची बाई आत घ्यायची न्हाई, असा नियम हाय. खाट भाईर न्यायची न्हाई, असं कुटं लिवलंय? उचला!"

दोघी आया धावल्या. तिसरा कोपरा एका शेजारणीनं धरला, चौथा मी. लोखंडी खाट फाटकातून बाहेर काढली आणि रस्त्याच्या कडेला, फाटकापासून हातभर अंतरावर ठेवली. पोरीला तिच्यावर निजवलं. बाईंनी कुणाला बोलावलं नव्हतं, पण आसपासच्या घरांतून बायका येऊ लागल्या. कुणी दोरीवरची साडी ओढून आणली, कुणी पलंगपोस आणला. हातात हात धरून त्यांनी खाटेभोवती आडोसा केला. तेवढ्यात शिफ्ट सुटली. कंपनीची बस आली आणि थांबली. माणसं उतरली, बघितलं, आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, आमच्याकडे पाठ करून बाहेरच्या बाजूनं उभी राहिली. एकही जण वळून बघत नव्हता.

आडोशाच्या आत पोरीचे डोळे फिरले. हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली. बाईंनी तिच्या दातांत कापडाची घडी सरकवली. त्यांनी मान वर करून आतल्या दाराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"खड्ड्यात गेली नोकरी!" असा आवाज आला आणि डॉक्टर स्लिपर फटफटवत फाटकाबाहेर धावत आले. हातात सुई, मागून सलाईनची बाटली घेऊन नर्स. बाटली धरायला उंच माणूस हवा होता. बसचा ड्रायव्हर डोळे घट्ट मिटून, हात वर करून उभा राहिला.

मुलगी झाली. रडायला वेळ लावला तिनं, पण रडली. तिची आईही वाचली. पाठमोऱ्या माणसांपैकी कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?" आणि आतून बायकांनी एका सुरात सांगितलं, "पोरगी!" बाई खाटेचा पाय धरून रस्त्यावर बसल्या होत्या. पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं, आणि मीही त्यांच्या गळ्यात पडून रडले.

डॉक्टरांना कुणी काही केलं नाही. रस्त्यावर जीव वाचवला, तर काय करणार? बाईंवर मात्र आरोपपत्र आलं. दवाखान्याची मालमत्ता आवाराबाहेर नेली! मी ते वाचून हसू की कपाळ बडवू अशा अवस्थेत होते. बाईंनी एका शब्दात उत्तर दिलं, "मान्य," आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या खिडकीत ठेवला. नोकरी गेली, दवाखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. लेकीला आणि नातीला घेऊन त्या नदीपलीकडे राहायला गेल्या. सरपंचाच्या गावी नव्हे, दुसऱ्या गावात. एक खोली भाड्यानं घेतली आणि तिच्यात दोन खाटा टाकल्या. तिथं दारात कुणी कार्ड मागत नव्हतं. लेक हाताखाली शिकत होती. मी अधूनमधून जायचे. चहात साखर तेवढीच.

कायद्याचं काय झालं विचाराल, तर काहीच नाही. या अधिवेशनात येणार, पुढच्यात येणार, असं ऐकू यायचं. मग तेही ऐकू येईनासं झालं. चिठ्ठीचं कलम बदललं होतं की नाही, तेही कुणी सांगू शकलं नाही.

पुढे महानगरपालिका झाली. नदीपलीकडची बरीच गावं हद्दीत आली, त्यांत बाईंचंही. ते कळलं त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. आता तिथल्या बायकांना आमच्याकडे हक्काची खाट, आणि बाईंना कुणी हद्दीबाहेरचं म्हणणार नाही. ही बातमी आपणच आधी सांगायची म्हणून मी अर्धी रजा टाकून गेले.

खोलीला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर खाटा नाहीत.

घरमालकीण बाहेर आली. म्हणाली, "तुमाला ठावं न्हाई व्हय? चार दिस झालं की. खाटा टेंपोत घातल्या, पोरीला आन् नातीला घेतलं आन् चाकणच्या अंगाला गेल्या."

"अहो, पण का? आता तर गाव हद्दीत आलं!"

"म्हनून तर. म्हनल्या, हितल्या बायांना आता दवाखाना झाला, माजं काम सरलं. तिकडं कंपन्या येत्यात, मानसं येत्यात, बायांना कोन न्हाई. मी म्हनलं, आवो, हद्द तिकडं बी येईल एक दिस. तर म्हनल्या, येऊ दे की. तवर मी टिकते."

मी त्या कुलपापुढे उभीच राहिले. एवढी बातमी घेऊन आलेली मी, आणि ही बाई मला न सांगता पुढच्या हद्दीबाहेर जाऊन बसलेली! राग आला, खूप राग आला.

बाई टिकल्या नाहीत. आमच्याकडच्या एका बाळंतिणीच्या चाकणहून आलेल्या आईनं केसपेपरच्या खिडकीत मला बाई वारल्याचं सांगितलं. त्या खाटा आता त्यांची लेक चालवते. हद्द अजून तिथवर पोचलेली नाही.